उभ्या गाडीला रेस देऊ नये

गॅरेजच्या भिंतीवर लाल रंगात एकच वाक्य लिहिलेलं होतं: उभ्या गाडीला रेस देऊ नये. इतर गॅरेजांच्या भिंतींवर बरंच काय काय असतं. सिगारेट ओढू नये, हत्यारं मागू नयेत, घाई असेल त्याने कालच यावं. मिस्त्रीला सगळ्या जगाला सांगायला एवढं एकच होतं आणि जग तेवढंही ऐकत नव्हतं. गाडी दुरुस्त झाली की न्यूट्रलमध्ये टाकून दोनदा ढुर्र ढुर्र केल्याशिवाय ड्रायव्हर लोकांना चैनच पडत नाही. तसा आवाज आला की मिस्त्री हातात असेल ते घेऊन धावत सुटायचा. एकदा हातात ग्रीसचा उघडा डबा होता. त्या ड्रायव्हरने पुन्हा त्या गल्लीत गाडी आणली नाही.

त्याला पाठीमागे सगळे उकळी म्हणत. तापणारे ट्रक ही त्याची खास विद्या. रेडिएटरमधून वाफा निघाल्या, काटा लाल रेघेवर गेला, की दुसरे मिस्त्रीसुद्धा म्हणत, उकळीकडे ने. आणि स्वतः उकळायला त्याला तेवढंही निमित्त लागत नसे. गिऱ्हाइकाला तो आधी शिव्या देई, मग विचारी, मग उलट विचारी, मग पुन्हा शिव्या देई, आणि या सगळ्या धुळवडीतून दोष बरोबर बाहेर पडे.

भिंतीवरचं वाक्य त्याच्या वस्तादाचं. वस्ताद त्याला इंजिनावर स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवून मुठीला कान लावायला सांगायचा. म्हणायचा, हळू चालतंय तोवर ऐकून घे, रेस दिलीस की चांगलं आणि वाईट एकाच सुरात ओरडतं. पुढे एका टोणग्याने मजा म्हणून उभ्या ट्रकला रेस दिली आणि इंजिनातला दांडा तुटून पोलादाची भिंत फोडून बाहेर आला. मिस्त्री तेव्हा चार पावलांवर होता. त्या दिवसापासून वस्तादाचं म्हणणं त्याच्यासाठी काळ्या दगडावरची रेघ झालं, आणि स्वतःचं गॅरेज काढल्यावर त्याने पहिलं काम केलं ते भिंत रंगवण्याचं. गॅरेजच्या मागेच घर. एकुलती एक लेक चिमी अक्षरं शिकली तीसुद्धा त्याच भिंतीवरून.

चिमीने लग्न केलं ते ड्रायव्हरशी. ड्रायव्हर हा गाडीचा शत्रू, हे मिस्त्रीचं जन्मभराचं मत. ट्रकखाली उताणं पडून तीस वर्षं त्याने त्यांचे पराक्रम पाहिलेले. पण लेकीपुढे बापाचं काय चालतं? जावई होता मात्र शांत. कमी बोलायचा, बोलला तर खाली बघून, आणि सासऱ्याला मामा म्हणायचा. मिस्त्रीची खरी अडचण तिथेच होती. जावई म्हणजे दहावा ग्रह, त्याच्यावर ओरडून कसं चालेल? साऱ्या बाजाराला अरे-तुरे करणारा माणूस त्या पोराला अहो-जाहो करायचा. जावईबापू, बसा. जावईबापू, चहा घ्या. असं बोलून झालं की आत जाऊन पान्यांच्या पेटीला लाथ मारायचा.

जावयाकडे मालकाचा एक जुना, लांब नाकाचा ट्रक होता. खाणीतली खडी भरायची, डोंगराचा चढ चढायचा आणि पलीकडच्या कारखान्यात ओतायची. मालकाकडे ड्रायव्हर बरेच, ट्रक कमी. हातचा ट्रक गेला की माणूस यार्डात फडकं घेऊन दुसऱ्यांच्या काचा पुसत बसायचा.

तो ट्रक पहिल्यांदा तापून आला तेव्हा मिस्त्री मनातून खूशच झाला. आपल्या विद्येचं काम, तेही जावयाचं. थर्मोस्टॅट काढला, म्हणजे इंजिन गरम झालं की रेडिएटरची वाट उघडणारा तो छोटा वॉल, आणि घरात नेऊन उकळत्या पाण्यात सोडला. उघडायला हवा होता, उघडला नाही.

"त्या पातेल्यात चहा होतो," बायको म्हणाली.

"आज वॉल होतोय."

दोष सापडला होता. तिथे थांबला असता तर ही गोष्ट झाली नसती. पण जावयाची गाडी म्हटल्यावर नुसता वॉल बदलून कसं देणार? त्याने रेडिएटरमध्ये उलट्या बाजूने पाणी मारून गाळ काढला. फॅनबेल्ट नवा घातला. पाण्याचे वरचे आणि खालचे दोन्ही रबरी पाइप बदलले. खालचा पाइप तसा धडधाकट होता, पण जुना तो जुनाच. त्याच्या आतून गंजलेली लांब स्प्रिंग निघाली, ती त्याने बाजूला फेकली. नवा पाइप चांगला जाड दिसत होता, त्यात असलं गंजकं कशाला घालायचं? बायको भांडी घासायला मागे आली होती. तिने ती स्प्रिंग उचलली, धुतली आणि डब्यातल्या वेलाला आधार म्हणून मातीत खोचली.

आठवडा झाला नाही तोच ट्रक पुन्हा तापून दारात उभा.

इथून मिस्त्रीच्या डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. त्याने रेडिएटरचं झाकण बदललं. वॉटर पंप हाताने हलवून पाहिला, तसूभर ढिला नव्हता. रेडिएटरवर तळहात फिरवला, कुठे थंड ठिपका लागतो का पाहिलं. झाकण काढून पाण्यात बुडबुडे येतात का, म्हणजे हेड गॅस्केट फुटलंय का, हे बघत ताटकळत उभा राहिला. एकही बुडबुडा नाही. ऑइलची काडी काढून पाहिली, ऑइलात पाण्याचा टिपूस नाही. रेडिएटरपुढे पुठ्ठा लावून इंजिन मुद्दाम तापवलं, तर वॉल वेळेवर उघडला. पुठ्ठा काढला, तर काटा शहाण्यासारखा खाली आला. गॅरेजात ट्रक इतका गुणी की शाळेत बक्षीस द्यावं, आणि डोंगराला लागला की फसाफस वाफा. जावयाने तिसऱ्यांदा आणला, तेव्हा मिस्त्रीला तो ट्रक समोर उभा राहून आपल्याला हसतोय असं वाटायला लागलं. जेवताना त्याचा घास हातातच राहायचा. झोपेत तो पाइपांना शिव्या द्यायचा आणि बायको उशी घेऊन दुसऱ्या खोलीत जायची.

तिसऱ्या खेपेला जावई खाली बघत म्हणाला, "मामा, एक सांगू का? चढावर खालच्या गिअरात टाकून रेस वाढवली की जास्त तापते. वरच्या गिअरात ठेवून दमाने घेतली तर काटा जरा उतरतो."

मिस्त्रीच्या तोंडाशी जे आलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. उलटं, अगदी उलटं बोलत होता हा माणूस. चढावर खालचा गिअर टाकावा, इंजिन मोकळं पळू द्यावं, पंखा जोरात फिरतो, पंप जोरात पाणी फिरवतो, गाडी थंड राहते, हे शेंबडं पोरही सांगेल. आणि हा वरच्या गिअरात दामटत नेतो वर आणि सांगतो की त्यानेच थंड होते. दुसरा कुणी ड्रायव्हर असता तर मिस्त्रीने त्याची गचांडी धरून विचारलं असतं, कुठल्या वळणावर, किती ओझ्यावर, काटा आधी चढतो की पाणी आधी उडतं? त्याला उलटतपासणीत पार सोलून काढला असता. पण समोर जावई होता.

"हो, हो," मिस्त्री म्हणाला. "बघतो मी. तुम्ही चहा घ्या."

जावई चहा घेऊन गेला आणि मिस्त्रीला उत्तर मिळालं. दोष ट्रकमध्ये नव्हताच. दोष सीटवर बसला होता.

दाबून ठेवलेली वाफ कुठून तरी निघणारच. ती चहाच्या टपरीवर निघाली. कुणीतरी विचारलं, काय मिस्त्री, जावयाचा ट्रक तुलाही दाद देत नाही म्हणे? आणि मिस्त्री बोलून गेला, "ट्रक ठणठणीत आहे. आमच्या जावयाला गाडी हाकता येते, चालवता येत नाही."

वाक्य चांगलं जमलं होतं, म्हणून ते संध्याकाळच्या आत साऱ्या बाजारात फिरलं. दुसऱ्या दिवशी मालक स्वतः गॅरेजवर आला. लाकडी खोक्यावर बसला आणि म्हणाला, "मिस्त्री, मला आडवळणाने बोलता येत नाही. माझी गाडी महिनाभर रस्त्यात उभी राहतेय. दोष गाडीत आहे की ड्रायव्हरमध्ये, एवढं सांग. ड्रायव्हरमध्ये असेल तर चावी दुसऱ्याला देतो. तुझा शब्द मी मानतो, हे तुला माहीत आहे."

मिस्त्रीने फडक्याला हात पुसले. मग दुसऱ्या फडक्याला पुसले. जावयाचा ट्रक काढून घेतला तर चिमीच्या घरात काय होईल ते त्याला समजत होतं. आणि खोटं सांगितलं तर आपल्या विद्येला आपणच काळं फासल्यासारखं होईल, हेही समजत होतं. आगीतून निघून फुफाट्यात पडण्याची वेळ.

"आजचा दिवस गाडी माझ्याकडे राहू द्या," तो म्हणाला. "उद्या सकाळी यार्डात येऊन सांगतो."

दुपारी त्याने पुन्हा सगळं तपासलं. पुठ्ठा लावून इंजिन चांगलं तापवलं, चाकांना लाकडाचे ठोकळे लावले आणि उजेडाची बॅटरी घेऊन पुढच्या चाकाशी उकिडवा बसला. खालच्या पाइपाच्या क्लिपशी ओल दिसत होती, ती गळती आहे की घाम, एवढंच पाहायचं राहिलं होतं. इंजिन हळू, एका लयीत चालत होतं. कान लावून ऐकलं तरी त्यात काहीही खोट नव्हती. तो रडायच्या बेताला आला होता.

तेवढ्यात चिमी आली. बापाला हाक न मारता ती बॉनेटपाशी येऊन उभी राहिली.

"बाबा, उद्या मालकांना काय सांगणार आहात?"

"जे खरं आहे ते."

"म्हणजे काय?"

"गाडीत दोष नाही. मी कणन् कण पाहिलाय."

"मग ते खोटं बोलतात?"

"मी तसं कुठे म्हटलं? जावईबापूंना मी आजवर एका शब्दाने दुखावलेलं नाही."

"तोंडावर नाही दुखावलंत. टपरीवर दुखावलंत. माझ्या सासूबाईंना भाजीवाल्याने सांगितलं, हाकता येते, चालवता येत नाही. घरात कालपासून कुणी कुणाशी बोललेलं नाही."

मिस्त्री बॅटरी उगाच चालू-बंद करत राहिला. "तोंडातून गेलं," तो म्हणाला. "पण सांगतोय तेही उलटंच सांगतोय तो. रेस वाढवली की तापते म्हणे."

"मग तुम्ही काय विचारलंत?"

"काय विचारायचं? हो म्हटलं. चहा दिला."

"चहा दिलात." चिमीचा आवाज चढला. "दुसऱ्या ड्रायव्हरला तुम्ही शिव्या देता, पण त्याचं ऐकता तरी. चार तास डोकं खाता त्याचं. यांना अहो-जाहो करून वाटेला लावता. तुम्ही यांचं एकदाही ऐकलेलं नाही, बाबा. शिव्या द्या, पण ऐका. ते बिचारे घरी येऊन म्हणतात, मामा किती मानाने वागवतात."

 मिस्त्रीने मान खाली घालून बॅटरीचा उजेड परत पाइपावर धरला.

"राहू दे," ती म्हणाली. "मीच नेते गाडी. चावी मालकांच्या टेबलावर ठेवते, म्हणजे तुम्हाला काही सांगायला नको." आणि केबिनमध्ये चढली. या आवारात ट्रक मागे-पुढे घ्यायला ती लग्नाआधीच शिकली होती.

"चिमे, ठोकळे आहेत चाकांना. उतर खाली."

ती उतरली नाही. तिने समोरच्या भिंतीकडे पाहिलं, मग बापाकडे पाहिलं, आणि पाय पार खालपर्यंत दाबला.

इंजिन किंचाळलं. पत्रे थरथरले. मिस्त्रीने शिवी द्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. बॅटरीच्या उजेडात खालचा पाइप चपटा झाला होता. मनगटाएवढा गोल पाइप, आतून कुणी ओढून घ्यावा तसा, पार चिकटून पट्टी झालेला. चिमीने पाय काढला. पाइप फुगला आणि पुन्हा गोल, पहिल्यासारखा, काही झालंच नाही असा.

"पुन्हा दे," मिस्त्री म्हणाला.

चिमीला वाटलं बाप टोमणा मारतोय.

"रेस दे, चिमे. दाबून धर."

या तोंडातून हे शब्द तिने जन्मात ऐकले नव्हते. तिने दाबून धरलं. पाइप पुन्हा चपटा झाला.

मिस्त्री चाकाला टेकून खाली मातीत बसला. पंप खालच्या पाइपातून पाणी ओढतो. इंजिन जितकं जोरात, तितकी ओढ जास्त. तापलेलं, मऊ पडलेलं रबर त्या ओढीने मिटू नये म्हणून आत स्प्रिंग असते. स्प्रिंग नसली तर हळू चालताना पाणी नीट फिरतं आणि रेस वाढली की वाटच बंद. गाडी थांबवून बॉनेट उघडेपर्यंत पाइप पुन्हा गोल. म्हणूनच चढावर रेस वाढवली की तापत होती. वरच्या गिअरात दमाने घेतली की काटा उतरत होता. पोराने डोळ्यांनी पाहिलेलं जसंच्या तसं सांगितलं होतं, आणि आपण त्याला चहा पाजला. पहिला दोष वॉलचा होता, तो आपण काढला. दुसरा आपणच घातला, तोही जावयाची गाडी म्हणून. त्याला इतकी लाज वाटली की चिमी खाली उतरून शेजारी येऊन बसली तरी त्याला तिच्याकडे बघवेना.

मग तो उठला आणि मागच्या दारी गेला. वेल स्प्रिंगला वेढे घालत वर चढला होता आणि टोकाला दोन कळ्या धरल्या होत्या.

"हात लावू नका," बायको म्हणाली. "आत्ता कुठे धरलाय."

"ही गाडीची आहे."

"गाडीची होती तर फेकलीत कशाला?"

 तीच शेवटी खाली बसली आणि एकेक वेढा सोडवून दिला.

स्प्रिंग पाइपात बसवायला फार वेळ लागत नाही. मिस्त्रीने क्लिपला पकड लावलीही. आता ही बसवावी, उद्या मालकाला सांगावं की किरकोळ होतं, निघालं. कुणी विचारणार नाही. पण मग हाकता येते हे वाक्य तसंच बाजारात फिरत राहील. लोक म्हणतील, सासऱ्याने जावयाला सांभाळून घेतलं. त्याने पकड काढली आणि स्प्रिंग सीटवर ठेवली. पाइप होता तसाच राहू दिला.

सकाळी मालकाच्या यार्डात ड्रायव्हर लोक आपापल्या गाड्या धूत होते. जावई एका बाजूला उभा होता, चावी परत द्यायला आलेल्या माणसासारखा. चिमी त्याच्या शेजारी. मिस्त्रीने रिकामा ट्रक सपाट रस्त्याने हळूहळू आणून मध्यभागी उभा केला, इंजिन चालूच ठेवलं, खाली उतरला आणि ती स्प्रिंग मालकाच्या टेबलावर ठेवली. तिला एक हिरवं पान अजून चिकटलेलं होतं.

"काय हे?" मालकाने विचारलं. "गाडीत दोष की ड्रायव्हरमध्ये?"

"मिस्त्रीत," मिस्त्री म्हणाला, आणि सगळं सांगितलं.

मालकाने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग स्प्रिंग बाजूला सारली आणि मऊ आवाजात म्हणाला, "मिस्त्री, मलाही लेक आहे. जावयासाठी तू हे अंगावर घेतोयस. पण तुझ्या हातून असली चूक झाली, हे या यार्डात कोण मानेल?"

तीस वर्षांत मिस्त्रीच्या शब्दावर कुणी संशय घेतला नव्हता. आज घेतला तो नेमका या शब्दावर. त्याच्या कानशिलांपर्यंत राग चढला, आणि तो काढायला स्वतःशिवाय दुसरं कुणी नव्हतं. तो वळला.

"जावईबापू, वर बसा. रेस द्या."

जावई जागचा हलला नाही. "मामा, उभ्या गाडीला?"

बादल्या खाली ठेवल्या गेल्या. एक म्हातारा ड्रायव्हर सवयीने चार पावलं मागे सरकला.

"उभ्याच गाडीला. पार दाबा."

इंजिन किंचाळलं. मिस्त्रीने मालकाला दंडाला धरून चाकाशी वाकवलं आणि बॅटरी पाइपावर धरली. पाइप मिटला. मालक बघत राहिला, मग त्याने बोटाने तो चपटा भाग दाखवला आणि मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री त्या आवाजात ओरडला, "हा माणूस गाडी चालवतो. हाकत नाही. मी बोललो ते चुकीचं बोललो."

"काय म्हणालास?" मालकाने कानाला हात लावला. "ऐकू नाही आलं."

नेमका तेव्हाच जावयाने पाय काढला. यार्ड एकदम शांत झालं. सगळे ड्रायव्हर मिस्त्रीच्या तोंडाकडे बघत होते, आणि चिमीही. जावयाने इंजिन बंद केलं नव्हतं, ते हळू, एका लयीत चालत होतं. मिस्त्री सरळ उभा राहिला आणि तेच वाक्य पुन्हा पहिल्यापासून बोलला.